अधोमुख सुंदरीचे छायाचित्र

बागेतली लिली कॅमेऱ्याला सरावलेली असते. रानातली मात्र पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणाऱ्या मुलीसारखी वागते. तिच्या अनेक जातींची फुले मुळातच खाली मान घालून उमलतात. पावसाने पराग भिजू नयेत म्हणून निसर्गाने केलेली ही सोय वनस्पतिशास्त्रज्ञांना कौतुकाची वाटते, पण छायाचित्रकाराला ती थेट चिखलात लोळवते. कारण अशा फुलाचा चेहरा टिपायचा तर कॅमेरा त्याच्याही खाली न्यावा लागतो, आणि कॅमेऱ्यामागे डोळा असतो, डोळ्यामागे मान असते व मानेमागे, दुर्दैवाने, उर्वरित देह असतो.

एवढे आडवे झाल्यावर चौकटीत गवताचे एक पाते आडवे येते. ते उपटले तर परिसर नैसर्गिक राहत नाही. म्हणून ते हळूच दुसऱ्या पात्यामागे अडकवावे, तर नेमके बटण दाबताना सुटून पूर्वपदावर येते.

खरा घोळ आहे तो फुलाच्या खोलीचा. कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचे टोक, पुढे डोकावत असते, सहा पुंकेसर तिच्याभोवती पसरलेले असतात आणि पाकळ्या पार मागे वळलेल्या असतात. एफ/४ ॲपर्चरवर, म्हणजे भिंगाचे छिद्र मोठे ठेवले तर, कुक्षी लख्ख येते, पाकळ्यांचे धुके होते. सगळेच स्पष्ट हवे म्हणून छिद्र बारीक करून एफ/१६ वर जावे, तर त्याच उजेडात शटरचा वेग सेकंदाच्या १/५०० वरून १/३० वर घसरतो, आणि वारा याच बातमीची वाट पाहत असतो. खरे म्हणजे वाऱ्याचीही गरज नाही. लिलीचे परागकोश बारीक तंतूच्या टोकावर मधोमध टेकलेले असल्यामुळे ते माणसाच्या उच्छ्वासानेही डोलतात. श्वास रोखावा तर हात थरथरतात. शटरचा वेग परत मिळवायला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा तर पाकळीवर नसलेले ठिपके उमटतात. कित्येक रानलिलींच्या अंगावर मुळातच ठिपके असल्याने त्यांतले फुलाचे कोणते आणि कॅमेऱ्याचे कोणते, यावर नंतर घरात दोन तट पडतात.

परागांचा उपद्रव निराळाच. ते तेलकट असतात. पाणी लावून चोळले की शर्टावर नारिंगी डाग कायमचा वस्तीला येतो, म्हणून ते चिकटपट्टीने अलगद टिपून घ्यावे लागतात. भिंगावर मात्र चिकटपट्टी चालत नाही. तिथे ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा रबरी फुगाच दाबावा लागतो, आणि त्याच्या पहिल्याच फुंकरीने नुकतेच स्थिरावलेले फूल पुन्हा झुलू लागते.