तूट म्हणजे लूट का? कमेंटला जरा लांबलचक उत्तर

नमस्कार दादा,

तुमची कमेंट काल रात्री ट्रेनमध्येच वाचली, लगेच उत्तर द्यायला घेतलं होतं पण दोन ओळींत मावणारा विषय नाही म्हणून आज निवांत लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, दादांचं म्हणणं असं की चीनसोबतच्या व्यापारातली शंभर अब्ज डॉलरची तूट ही सरळ सरळ लूट आहे, मी मागच्या लेखात तिची बाजू घेतली, आणि लोकांनी मुंबईच्या लोहार चाळीतल्या दिव्यांच्या चायना माळा घेणं बंद केलं असतं तर ही वेळच आली नसती.

आकडा तुमचा बरोबर आहे. २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून साधारण ११३ अब्ज डॉलरचा माल आणला आणि त्यांना १४ अब्जांचा पाठवला, फरक ९९ च्या घरात. माझा आक्षेप फक्त 'लूट' या शब्दाला आहे. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्पनी टॅरिफचा म्हणजे आयात शुल्काचा तक्ता दाखवला त्यात भारतापुढे २६ टक्के होते, ते कसे काढले होते माहितीये? अमेरिकेला आपल्यासोबत जी तूट येते तिला त्यांच्या आपल्याकडच्या आयातीनं भागलं, आलं त्याचं निम्मं केलं, झालं. म्हणजे तूट दिसली की समोरचा लुटतोय असं धरूनच चालले. आता अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे निर्यातीसाठीच्या औद्योगिक क्षेत्रात, दिवसभर मान मोडून दागिने घडवणारा माणूस अमेरिकेला लुटतो असं तुम्ही म्हणाल का? नाही ना म्हणणार? मग तोच हिशोब आपण चीनला लावला तर तो बरोबर कसा ठरतो?

आणि माळांचं म्हणाल तर गलवाननंतर २०२० मध्ये टिकटॉक धरून ५९ ॲप बंद झाली, घरोघरी बहिष्काराच्या शपथा झाल्या, आमच्या घरातही झाल्या, मनापासून झाल्या. त्या वर्षी म्हणजे २०२०-२१ ला चीनची आयात साधारण ६५ अब्ज होती, चार वर्षांत ती ११३ वर गेली. मी मशीद बंदरला कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात बसतो, न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाच्या बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे कस्टमचे कागद, भरणं हेच माझं काम, आणि चीनहून येणाऱ्या मालात सगळ्यात मोठा वाटा असतो तो कस्टमच्या यादीतल्या चॅप्टर ८४, ८५ आणि २९ चा. म्हणजे यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स आणि सेंद्रिय रसायनं. यातलं बरंचसं दुकानात ग्राहकासमोर येतच नाही, ते कारखान्यात जातं, त्यामुळे तुम्ही आम्ही पिशवी घेऊन बाजारात गेल्यावर कशावर बहिष्कार टाकणार?

पण तुमची कमेंट वाचून मला मागचा लेख परत उघडावा लागला हेही खरं. 'स्वस्तात कच्चा माल मिळतो म्हणून आपले कारखाने चालतात' असं मी लिहिलं होतं, ते अर्धंच होतं. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आठवा. १९५४ ची सरकारी कंपनी, पेनिसिलिन इथे बनावं म्हणून काढलेली. नंतर खाजगी कंपन्याही पेन-जी, म्हणजे पेनिसिलिनचा मूळ प्रकार, बनवायला लागल्या. हे बनतं आंबवून, साखर लागते, वीज प्रचंड लागते, प्लांट मोठा असेल तरच परवडतं. चीननं अवाढव्य प्लांट उभे केले, भाव पाडला, आपल्या कंपन्यांनी हिशोब केला की बनवण्यापेक्षा आणणं स्वस्त आणि एकेकानं बनवणं सोडून दिलं. त्या त्या कंपनीच्या दृष्टीनं निर्णय बरोबरच होता हो! पण पेन-जीपासून ६-एपीए हे मधल्या टप्प्याचं रसायन होतं आणि त्यापासून अमॉक्सिसिलिन, जे पोराला कानाचं इन्फेक्शन झालं की आपण कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणतो, त्याची पहिली पायरी परदेशात गेली आणि सामान्य माणसाला पत्ताही लागला नाही. २०२० मध्ये सरकारनं अशा बल्क ड्रगसाठी, म्हणजे औषधांच्या मूळ कच्च्या मालासाठी, ६,९४० कोटींची पीएलआय (उत्पादनावर आधारित प्रोत्साहन) योजना आणली, त्यातून काकीनाड्याला २०२४ मध्ये पेन-जी पुन्हा सुरू झालं. सोडलेली गोष्ट परत उभी करायला किती वर्षं आणि किती पैसा लागतो बघा.

म्हणून मला ९९ या आकड्यापेक्षा मालाची यादी जास्त टोचते. तिकडे आपलं काय जातं? ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेलं हलकं लोहखनिज, नाफ्था (खनिज तेलापासूनचा कच्चा माल), मासळी. येतं काय? मोटर, बॅटरीचे सेल, चिप. तूट उद्या निम्मी झाली पण त्या निम्म्यात औषधाचा कच्चा माल आणि मॅग्नेट असतील तर काय उपयोग? एप्रिल २०२५ मध्ये चीननं रेअर अर्थ मॅग्नेटच्या, म्हणजे दुर्मिळ धातूंपासून बनणाऱ्या ताकदवान चुंबकांच्या, निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा आपल्या गाड्यांच्या कंपन्यांची धावपळ झालीच की, आणि पैशात मोजलं तर तो माल एकूण आयातीत अगदी किरकोळ.

तुमची सरसकट बंदी मला म्हणूनच पटत नाही. ती उद्या लागली तर बीजिंगच्या आधी औषध कारखान्यांचं आपलं तारापूर बंद पडेल. ज्या पन्नासेक वस्तू अडल्या तर आपला श्वास अडतो त्या आधी शोधाव्यात, त्यांना दहा-पंधरा वर्षं पैसा आणि खात्रीचा गिऱ्हाईक द्यावा, भले दोन पैसे महाग पडो. माळा इथल्याच घ्या, मीही घेतो.

तुमचा भाऊ तारापूरला बल्क ड्रगच्या कंपनीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्याला एक विचाराल का, त्यांच्याकडे स्टार्टिंग मटेरियलसाठी, म्हणजे पहिल्या पायरीच्या कच्च्या मालासाठी, चीन सोडून दुसरा सप्लायर आहे का, आणि असला तर भावात फरक किती पडतो? कंपनीचं नाव नको, नुसतं उत्तर कळवा, पुढचा लेख तिथूनच सुरू करतो.