माळकरी माणसाला बेवडा म्हणणाऱ्या पाहुण्यांनो

आज शाहूपुरीत एका साखरपुड्याला गेलो होतो. थोरल्या मामांच्या लाल नाकाकडं बघून एक पाहुणा हसत म्हणाला, "पावणं सकाळीच बसल्यात वाटतं." चारचौघं हसले. मामा अर्ध्या ताटावरून उठले.

गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस, आयुष्यात थेंब घेतला नाही! डोकं अजून तापलेलंच आहे.

मामा गुळव्या. गुऱ्हाळ चालू असलं की दिवसभर काहिलीपुढं, चुलवाणाची धग थेट तोंडावर. गाल लाल व्हायला लागले तेव्हा सगळे म्हणाले, धगीनं होतंय. धग निमित्त, आजार वेगळाच. रोझेशिया. बहुतेकदा तिशीनंतर सुरू होतो. आधी लाली येते-जाते, मग राहतेच. बारीक शिरा दिसतात, पुळ्या येतात. लोक त्याला मुरूम समजतात, पण यात ब्लॅकहेड नसतात. काहींच्या नाकाची कातडी जाड होते, ते पुरुषांत जास्त. मामांचं तेच झालंय. आपल्या सावळ्या रंगात लाली पटकन कळत नाही, म्हणून निदान लांबतं. आणि हा संसर्गानं पसरत नाही, शेजारी बसायला घाबरू नका.

दारूनं काहींची लाली वाढते, मान्य. म्हणून लाल नाकाचा प्रत्येक माणूस पिणारा होतो? आणि पीत असला तरी त्याला भर पंगतीत हसणारे तुम्ही कोण?

त्याहून राग त्या मेडिकलवाल्याचा येतो. चिठ्ठी न बघता त्यानं मामांना स्टेरॉइडची ट्यूब दिली. सुरुवातीला चेहरा उजळला, मामी खूश. ट्यूब थांबवली आणि दुप्पट भडका उडाला. चिठ्ठीशिवाय विकू नये असं ट्यूबवरच छापलेलं असतं हो!

मामा बिचारे सगळं पाळतात. मिसळीचा कट सोडला, चहा कोमट करून पितात. सनस्क्रीन लावायला लाजायचे, आता मामी स्वतः लावून देते. प्रत्येकाला सगळंच बाधत नाही, आपलं कशानं वाढतं ते ज्यानं त्यानं बघायचं. ऊन मात्र बहुतेकांना बाधतं. आजार मुळासकट जात नाही, पण मेट्रोनिडाझोलचं जेल, आयव्हरमेक्टिनचं क्रीम, डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या यांनी आटोक्यात राहतो. कुणाला काय, ते डॉक्टर ठरवणार. जाड झालेल्या नाकावरही लेसरनं उपचार होतात.

घरात कुणाचे गाल सतत लाल असतील, वर डोळेही चुरचुरत असतील, तर थांबू नका. हा आजार डोळ्यांतही उतरतो. खाजगी परवडत नसेल तर कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, त्वचा विभाग आहे. केसपेपर काढा आणि आधी कुठली ट्यूब लावली ते न लपवता सांगा.