दोन्हीकडे बघायचं ना, काकू!

मला एक सांगा, दुभाजक असलेल्या रस्त्याला गल्लीतून डावीकडे वळून लागताना माणूस कुठे बघतो? उजवीकडे. कारण गाड्या तिकडून येतात. निदान लायसन्सच्या परीक्षेत तरी तिकडूनच यायच्या. पुण्याच्या कर्वे रोडवर आभाळ सोडून कुठूनही येतात.

काल संध्याकाळी कोथरूडात गल्लीच्या तोंडाशी उभी होते. इंडिकेटर चालू, गाडी पहिल्या गिअरमध्ये, उजवीकडची बस जाऊ दिली आणि हळूच वळले. तेवढ्यात डाव्या कडेने, फुटपाथला घासून, उलट्या दिशेने स्कूटरवर दोन राजकुमार. पुढच्याचा फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, हेल्मेट कोपरात. धाडकन माझ्या डाव्या हेडलाइटवर. हेडलाइट गेला, बंपर फाटला, स्कूटर आडवी. कोपराला मात्र खरचटलंही नाही, हेल्मेट होतं ना.

खाली उतरून मी आधी विचारलं, "लागलं का रे?" तर पठ्ठ्या कपडे झटकत म्हणतो, "दोन्हीकडे बघायचं ना, काकू!"

काकू! पुढे यू-टर्न आहे तिथपर्यंत जायचा याला कंटाळा, आणि वाहतुकीचे धडे मला!

मग गर्दी. पुण्यात दुपारी एक ते चार कुत्रं फिरकत नाही, पण अपघात झाला की अर्ध्या मिनिटात न्यायालय भरतं. दुधाची पिशवी घेतलेले एक आजोबा सरन्यायाधीश. त्यांनी ना रस्ता बघितला ना स्कूटरचं तोंड कुठे आहे ते बघितलं. निकाल तयारच: "गाडी मोठी कुणाची? तुमची ना? मग विषय संपला." शेजारच्या टपरीवरून पुरवणी निकाल आला, "जाऊ द्या हो, लेडीज आहे." म्हणजे माझा दोष माफ! जो नव्हताच तो!

मागे बसलेल्याला मग आठवलं की आपला मोबाईल फुटलाय. पाच हजार द्या. त्या फुटक्या स्क्रीनवर सेलोटेप होती आणि ती कडेने पिवळी पडलेली होती. स्कूटरचा विमा आहे का विचारलं, तर "बाबांना माहीत." चौकातले हवालदार आले, दोन्हीकडे बघितलं (त्यांना जमलं!) आणि म्हणाले, "मॅडम, आपसात मिटवा. तक्रार केली तर गाडी चौकीला लावावी लागेल."

हेच ना ते खातं, जे मागच्या महिन्यात सिग्नलला माझं पुढचं चाक झेब्राच्या पट्ट्यावर टेकलं म्हणून घरबसल्या ई-चलान पाठवतं? फोटोसकट! त्या फोटोत मागे उलट्या दिशेने येणाऱ्या दोन दुचाक्या स्वच्छ दिसतात. त्यांना चलान गेलं असेल तर मी नाव बदलते.

आता कबूल करते, मी तिथे कलम १८४ म्हणून दाखवलं. मोठ्याने. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यात उलट्या दिशेने गाडी हाकणं आणि हातात फोन धरून चालवणं ही दोन्ही धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरली, पहिल्याच वेळेला एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. भर रस्त्यात, हातात तुटक्या हेडलाइटचा तुकडा घेऊन. मुलगा घरी म्हणाला, "आई, तू रीलमध्ये आली असशील." आली असेन. शीर्षक काय असेल तेही मला माहीत आहे.

बरं, मोठ्या गाडीवाल्यांनी हे नाव कमावलंय, हेही खरं. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या पोर्शेखाली दोन जीव गेले आणि जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध आला, ते कोण विसरेल? म्हणून आता चारचाकीत बसलेला प्रत्येक जण त्या पोराचा काका. माझी गाडी हॅचबॅक आहे हो! हप्ते आत्ता संपलेत! आणि उद्या मला पीएमपीच्या बसने ठोकलं, तर बघा, मोठ्या गाडीचा नियम तिथल्या तिथे रद्द. "बस येताना दिसत नव्हती का?"

सरकारी आकड्यांत २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातली ७० टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यात, नऊ हजारांच्या आसपास उलट्या दिशेच्या. अतिवेगाचं खातं सोयीचं आहे, चालक मेला तरी त्याच्यावर टाकता येतं. खणून ठेवलेला रस्ता, रंग न मारलेला स्पीडब्रेकर, उतारावरचं वळण, यांची नावं कोण घेणार? सदोष रस्त्यासाठी ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंडाचं कलम १९८-अ आहे. तुमच्या गल्लीतल्या ठेकेदाराला ते लागलेलं कुणी पाहिलंय?

नवले पुलाचंच घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून उतार. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रल करून सोडायचा, इंजिनाचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून बसले की समोर येईल ते चिरडायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच फटक्यात चाळीसच्या वर गाड्या चेपल्या. आणि दरवेळी बातमी काय? ब्रेक निकामी झाले. आपोआप झाले बिचारे.

माझ्या हेडलाइटचं काय? विम्यातून घेतला तर पन्नास टक्क्यांवर पोचलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला, चूक कुणाची का असेना. शिवाय पहिले हजार रुपये माझेच. स्कूटरवाल्याकडून वसूल करायचे तर अपघात दावा न्यायाधिकरण. बंपरसाठी! तारखा पडेपर्यंत ते पोरगं स्वतः काका होईल. तेव्हा पैसे माझ्याच पर्समधून. वर्कशॉपवाला म्हणाला, "नुसता दिवा बदलता येत नाही, अख्खी असेंब्ली येते." येणारच. माझ्याकडे सगळं अख्खंच येतं.

नवरा म्हणतो, डॅशकॅम लाव. लावते. पण तो दाखवू कुणाला, दुधाच्या पिशवीला?

आणि बोगद्यात शिरलं की हॅझर्ड लावून सरळ जाणारे महाभाग, तुम्ही हसू नका. चारही दिवे लुकलुकत असताना तुम्ही लेन बदलणार आहात, थांबणार आहात, की नुसतेच घाबरलात, हे मागच्याने कशावरून ओळखायचं?