मृगाआधी सगळी बाग बोडकी करू नका

मे संपत आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘मृग लागायच्या आत सगळी फुलझाडं जमिनीपासून एक फूट ठेवून छाटा, कापावर हळद लावा, लगेच मूठभर युरिया द्या. गणपतीत फुलंच फुलं!’

जास्वंदीपुरतं यात तथ्य आहे. ती नव्या फुटव्यांवर फुलते आणि पावसात झपाट्याने वाढते. मेसेज टिकून आहे तो बहुधा तिच्याच जिवावर.

पण ‘सगळी’ म्हणजे? मृगाच्या सुमारास अनंत कळ्यांवर असतो. तेव्हा कात्री चालवली की वर्षाचा बहर कचऱ्यात जातो. त्याला फुलं ओसरल्यावर छाटायचं. मोगरा डिसेंबर-जानेवारीत छाटला, की पुढच्या फुटीवर उन्हाळ्यात कळ्या धरतात. गुलाब पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. झाड कधी फुलतं ते आधी बघा, नक्षत्र नंतर.

‘एक फूट ठेवून’ हे त्याहून वाईट. तगडी जास्वंद एवढंही सोसेल. म्हातारं, सावलीतलं, आधीच रोडावलेलं झाड एकदम बोडकं केलं तर अन्न करायला पानच उरत नाही, आणि मग ते फुटेलच असं नाही. माजलेल्या झाडाचे सर्वांत जुने, जाड दांडे निवडा आणि त्यांतले एक तृतीयांश यंदा बुडाशी कापा. उरलेले पुढच्या दोन वर्षांत. मध्ये उजेड शिरला की खालून कोवळे धुमारे येतात. आपल्याकडचे माळीदादा मात्र मोठ्या कात्रीने वरवर भादरून झुडपाचा गोल चेंडू करतात. दिसतो छान! हात घालून फांद्या बाजूला करा: बाहेर बोटभर हिरवा थर, आत नुसत्या वाळक्या काटक्या आणि पिठ्या ढेकूण. बारीक फांदी छाटताना सिकेटरच (एका हाताची छाटणीची कात्री) वापरा, धार लावलेलं. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या गाठीच्या, जेमतेम पाव इंच वर, किंचित तिरका. लांब खुंट ठेवला तर तो डोळ्यापर्यंत वाळत येतो.

हळद स्वयंपाकघरातच राहू द्या. बोटाएवढ्या फांदीचा स्वच्छ काप झाड आपला आपण बंद करतं. रोगट फांदी कापल्यावर सिकेटर स्पिरिटने पुसणं जास्त कामाचं.

युरियात नुसतं नत्र. त्याने लुसलुशीत पालेदार वाढ होते, तिच्यावर मावा तुटून पडतो आणि फुलं राहतात बाजूला. नवी फूट दिसू लागल्यावर दोन ओंजळी कुजलेलं शेणखत पुरे.

आणि मेसेजच्या ‘सगळी’त कण्हेरही येते, याचा मेसेजवाल्याला पत्ताच नाही. तिचा चीक विषारी. हातमोजे घाला, तोडलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नका आणि पेटवू तर मुळीच नका, धूरही बाधतो.