पोराला पट्टा नको, कीबोर्ड द्या

आज सकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा आणि त्याची आई भेटली. मुलगा 26 वर्षांचा. शर्टावरून कमरेला काळा पट्टा, हातातली किल्ली खाली पडली तर ती उचलायला आई वाकली. म्हणाली, "गादी सरकलीये, एमआरआयमध्ये आलंय. काल कंपनीने पाठीच्या आरोग्यावर ऑनलाइन लेक्चर ठेवलं होतं. ताठ बसत जा म्हणाले."

सकाळपासून डोकं फिरलंय माझं.

कंपनीने दिलेला 14 इंची लॅपटॉप, सोबत चार्जर आणि पाठीवरची बॅग. कीबोर्ड नाही, माऊस नाही. घरी टेबल नाही, म्हणून पोरगं पलंगावर भिंतीला टेकून, उशी मांडीवर घेऊन दहा-दहा तास काम करतं. आणि त्याला सांगायचं, ताठ बस. लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. स्क्रीन डोळ्यांसमोर आणला तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात, कीबोर्ड कोपराच्या उंचीवर ठेवला तर मान खाली जाते. मान गेली की खांदे पुढे येतात, कंबर गोल होते आणि साडेचार-पाच किलोचं डोकं मानेच्या नि पाठीच्या स्नायूंना दिवसभर तोलत बसावं लागतं. यात त्या मुलाची सवय, आळस, शिस्त काही येत नाही. वस्तूच तशी बनलेली आहे.

उपाय हजार-बाराशे रुपयांचा आहे. वायरचा वेगळा कीबोर्ड आणि माऊस. लॅपटॉप उचलायला स्टँडही नको, ए-फोर कागदाचं 500 पानांचं एक रीम साधारण 5 सेंटीमीटर जाड असतं, तीन रीम एकावर एक ठेवली की स्क्रीनची वरची कड बहुतेकांच्या डोळ्यांच्या रेषेत येते. खालची हवेची जाळी तेवढी मोकळी ठेवा. (गादीवर ती पूर्ण बंद होते, म्हणून पलंगावर लॅपटॉप तापतो आणि रखडतो.) स्क्रीन हातभर लांब. अक्षरं बारीक दिसली की माणूस नकळत पुढे झुकतो, तेव्हा डिस्प्लेचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरच्या अक्षरांचा आकार, 125 टक्के करा. ज्यांना प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेतून लांबचं आणि जवळचं दिसणारा) आहे त्यांनी मात्र स्क्रीन जरा खाली घ्यावा, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर जाते आणि मान मागून आखडते.

आता टेबल. आपल्याकडची जेवणाची आणि ऑफिसची टेबलं 75 सेंटीमीटरच्या आसपास उंच असतात. पाच फूट दोन-तीन इंचांच्या माणसाचं कोपर बसल्यावर त्याहून दहाएक सेंटीमीटर खाली असतं. मग खांदे वर चढतात, संध्याकाळी मानेच्या मुळाशी गोळा आल्यासारखं होतं, आणि माणूस उशी बदलत बसतो. खुर्ची उंच करा, साधी असेल तर घडी घातलेली चादर टाका, आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट घ्या. देवघरातला चालेल, देव रागावणार नाहीत. टॉवेलची गुंडाळी पँटचा पट्टा बांधतो त्या उंचीवर पाठीमागे ठेवा. बहुतेक लोक ती वीतभर वर ठेवतात आणि मग "काही फरक नाही" म्हणतात.

चांगली खुर्ची असेल तर फायदा होतो, मान्य. पण ऑफिसात महागड्या खुर्च्यांवर लोक पाठ मागे झुकू न देणारं लॉक कायम लावून बसतात. ते लॉक काढा. पाठ किती सहज मागे झुकेल हे ठरवणारा सीटखालचा गोल नॉब आपल्या वजनानुसार फिरवा, सडपातळ माणसाने सैल. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा हवी. आणि हाताचे दांडे टेबलाला अडत असतील तर ते काढून टाका. त्यांच्यामुळेच खुर्ची लांब राहते आणि माणूस पुढे वाकतो.

पट्ट्याने दोन-चार दिवस बरं वाटतं, नाही म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी ज्या गोष्टी करू नका म्हणून सांगितल्या, त्यात पट्टे आहेत, ट्रॅक्शनही (कंबर ओढून ताणणं) आहे. जुनी म्हणजे तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललेली. आणि "गादी सरकली" हे शब्द डॉक्टरांनीही जपून वापरावेत हो. गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, साबणाच्या वडीसारखी सटकत नाही, ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, फुगते किंवा क्वचित तिच्या आतला मऊ भाग बाहेर येतो. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी दहातल्या तिघांमध्ये असा फुगवटा दिसतो. हे त्या पोराला कुणी सांगितलं नाही. तो घाबरलाय. किल्ली आईने उचलली ती दुखण्यापेक्षा भीतीमुळे, असं मला वाटतं.

ताठ बसण्याबद्दलही तेच. एकच बरोबर बैठक असते हे सिद्ध झालेलं नाही, म्हणजे वर मी सांगितलेल्या सेंटीमीटरांनाही मर्यादा आहे, हे कबूल. उत्तम बसून चार तास हलला नाहीत तरी दुखणारच. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिचं पोषण मुख्यतः आजूबाजूने झिरपत होतं, दाब पडण्या-सुटण्याने त्याला मदत होते असं मानतात. अर्ध्या तासाने उठा. वर्करेव्ह किंवा स्ट्रेचली ही उठायची आठवण करून देणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, पण ती खिडकी आपण तिसऱ्या दिवशी न बघता बंद करायला लागतो. त्यापेक्षा लहान पेला घ्या आणि पाणी दुसऱ्या खोलीत ठेवा. फोन आला की उभे राहा. मोठे मेल गूगल डॉक्समध्ये बोलून लिहा, मराठीही चालतं. माऊस आठवडाभर डाव्या हाताला. शक्यतो नंबरपॅड (उजवीकडची आकड्यांची बटणं) नसलेला कीबोर्ड, म्हणजे माऊससाठी उजवा हात लांब ताणावा लागत नाही.

वहिनी, म्हणजे त्या मुलाची आई, त्याला उठल्या उठल्या बारा सूर्यनमस्कार घालायला लावतात. मनापासून लावतात, त्यांना काय बोलणार. पण रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते, उठल्यावरचा पहिला तास पुढे वाकण्यासाठी सगळ्यात वाईट. तेच नंतर घाला. दुखरी कंबर असेल तर आधी कॅनडाचे पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम: एक गुडघा वाकवून, कंबरेखाली हात ठेवून डोकं-खांदे जेमतेम उचलणं, कुशीवर कोपर-गुडघ्यावर तोलणं, आणि रांगत्या स्थितीत उलट हात-पाय लांब करणं. प्रत्येक वेळी 10 सेकंद, आधी पाच वेळा, मग तीन, मग एक. आणि चालणं. हळूहळू वाढवत रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये तपासलं, चालणाऱ्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंतचा काळ जवळजवळ दुप्पट झाला. अंथरुणाखालची आजीची फळीही काढा आता, झोपायला मध्यम कडक गादी बरी.

एक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, ताप, अचानक घटलेलं वजन. यातलं काही असेल तर ही पोस्ट बाजूला ठेवा आणि आत्ता, रात्री असाल तर रात्री, दवाखान्यात जा.

त्या लेक्चरवर खर्च केला तेवढ्यात कंपनीला अख्ख्या टीमला कीबोर्ड देता आले असते. एचआरमध्ये काम करणारे माझ्या यादीत बरेच आहात, वाचताय ना?

संध्याकाळी वहिनींकडे तीन रीम आणि पाट पोचवलाय. कुणाकडे नंबरपॅड नसलेला जुना कीबोर्ड पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाते.