रेझिस्टंट, पण कुठल्या संसर्गात?

न्यूमोकोकस (न्यूमोनिया, मेनिंजायटिस घडवणारा जिवाणू) पेनिसिलिनला रेझिस्टंट निघाला, म्हणजे त्याला दाद देईनासा झाला, की ते औषध बाद, असं या जंतूवरच्या एका लेखात सरसकट म्हटलंय. ते मला पटलं नाही. आधी संसर्ग कुठे झालाय ते बघावं लागतं. मेनिंजायटिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गात, मेंदूभोवतीच्या द्रवात औषध कमी पोहोचतं, म्हणून तिथे एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण) ०.१२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर झाला तरी जंतू रेझिस्टंट धरतात. तोच जंतू न्यूमोनियाच्या पेशंटमध्ये सापडला, तर शिरेतून देण्याच्या पेनिसिलिनसाठी एमआयसी २ पर्यंत असला तरी संवेदनशील मानला जातो. लॅब चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआय या संस्थेने २००८ मध्ये या मर्यादा वेगळ्या केल्या. मी लॅबमध्ये काम करते. नमुना रक्ताचा की पाठीच्या पाण्याचा, हे न वाचता रिपोर्टवरचं नुसतं ‘आर’ (रेझिस्टंट) अक्षर बघून औषध बदललेलं मी पाहिलंय, आणि अशा वेळी विनाकारण जास्त व्यापक अँटिबायोटिक सुरू होतं.

दुसरं, अमॉक्सिसिलिनला (पेनिसिलिनच्याच गटातलं औषध) क्लॅव्ह्युलॅनेट जोडलेल्या गोळीने हा रेझिस्टन्स मोडतो असं लेखातून वाटतं. तसं होत नाही! क्लॅव्ह्युलॅनेट हे पेनिसिलिन तोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेज या एन्झाइमला रोखतं, आणि न्यूमोकोकस ते बनवतच नाही. पेनिसिलिन ज्या प्रथिनांना चिकटतं ती प्रथिनंच तो बदलतो, तीही घशातल्या इतर स्ट्रेप्टोकोकसांचे जनुकांचे तुकडे उचलून. अशा वेळी अमॉक्सिसिलिनचा डोस वाढवण्याला अर्थ असतो, क्लॅव्ह्युलॅनेटने फक्त जुलाब वाढतात. लसीबद्दलचा परिच्छेद मात्र उत्तम. न्यूमोकोकसच्या सात प्रकारांवरच्या लसीनंतर, तिच्यात नसलेला १९ए हा प्रकार कसा डोकं वर काढू लागला, हे इतक्या सोप्या भाषेत क्वचितच वाचायला मिळतं.