दसपट डीएनए, म्हणून नवा पाय? नाही

ॲक्सोलॉटल या मेक्सिकोतल्या सॅलमँडरबद्दल (पालीसारखा दिसणारा, बेडकाचा नातलग) एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचा जीनोम (पेशीतला सगळा डीएनए) माणसाच्या दसपट, म्हणून जनुकंही दसपट, आणि म्हणून तुटलेला पाय त्याला परत फुटतो. झेब्रा फिंचसारख्या गाणाऱ्या पक्ष्याचा जीनोम एवढासा, म्हणून तो मागासलेला. यातला पहिला आकडा तेवढा खरा आहे.

ॲक्सोलॉटलचा जीनोम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ३,२०० कोटी बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या! माणसात सुमारे ३०० कोटी, झेब्रा फिंचमध्ये जेमतेम १२० कोटी. पण प्रथिनं घडवणारी जनुकं ॲक्सोलॉटलमध्ये २३ हजारांच्या आसपास, माणसात साधारण २० हजार, फिंचमध्ये त्याहून थोडी कमी. दसपट कुठेच नाही. बाकीचा पसारा मुख्यतः स्वतःच्याच नकला काढत पसरलेल्या डीएनएचा. कांद्याचा जीनोमही माणसाच्या पाचपट आहे.

‘म्हणून पाय फुटतो’ हा दावा तर अजिबात टिकत नाही. झेब्राफिशचा जीनोम माणसाच्या निम्मा, तरी तिचे पर आणि हृदयाचा कापलेला भाग पुन्हा वाढतो. बेडकाच्या लहान पिल्लाचा पाय कापला तर नवा येतो, त्याच बेडकाला मोठेपणी धड येत नाही. जीनोम तोच असतो. ॲक्सोलॉटलच्या जखमेवर आधी कातडीच्या पेशी पसरतात, मग खाली वाढत्या पेशींचा कोंब धरतो. तिथल्या मज्जातंतूंनी साथ दिली नाही तर तो वाढत नाही. पायाला आकार देणारं सॉनिक हेजहॉग हे जनुक काही ॲक्सोलॉटलची मक्तेदारी नव्हे. अंड्यातल्या पिल्लाचा पंख त्याच जनुकाच्या मदतीने घडतो, गर्भातल्या बाळाचा हातही. फरक आहे तो मोठेपणी ही यंत्रणा पुन्हा चालू होते की नाही, यात.

आणि पक्षी मागासलेला? झेब्रा फिंचचं नर पिल्लू बापाचं गाणं ऐकून, चुकतमाकत, तीनेक महिन्यांत स्वतःचं गाणं पक्कं करतं. गाण्याशी निगडित मेंदूच्या भागात मोठेपणीही नवे न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, येत राहतात. प्रचंड आवाजाने पक्ष्याच्या कानातल्या ऐकण्याच्या केसपेशी मेल्या, तर काही आठवड्यांत नव्या तयार होतात. माणसाच्या होत नाहीत, आणि माणसाचा जीनोम पक्ष्याच्या अडीचपट आहे.